प्रोफेशनल बास्केटबॉल खेळलेले सर आमच्या शाळेत कोच आहेत. त्यांना ठेवायचं की नाही यावर बैठक आहे, मत हवं

गिरणाकाठ | ६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मंडळी, नमस्कार. जरा लांबण लागेल, पण पूर्ण वाचा आणि मोकळेपणाने सांगा.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची शाळा आहे. मी तिथला माजी विद्यार्थी आणि सध्या माजी विद्यार्थी मंडळाचा सचिव. शाळेचं आणि सरांचं नाव मुद्दाम टाकत नाही. कुणी ओळखलं तरी टाकू नका, ही विनंती.

शाळेत बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान माझ्या लहानपणापासून आहे. मधली कितीतरी वर्षं तिथे मोटारसायकली लागायच्या. दोन वर्षांपूर्वी सर आले. सर गावचेच. आठवीनंतर वसतिगृहात राहून खेळायला बाहेरगावी गेले, राज्याकडून खेळले, एका खात्याच्या संघात कंत्राटावर होते, मग देशात प्रोफेशनल लीग सुरू झाली तिच्यात दोन हंगाम खेळले. डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, परत खेळले, परत तुटलं. २९व्या वर्षी खेळ थांबला. वडिलांची चार एकर केळी आहे, ती सांभाळायला गावी आले. आम्हीच मागे लागून त्यांना मैदानावर आणलं. मानधन महिना १२ हजार, मंडळाच्या वर्गणीतून.

पहिल्या वर्षी १४ वर्षांखालचा संघ ४१-६ ने हरला. यंदा १७ वर्षांखालची मुलं जिल्ह्याच्या दुसऱ्या फेरीत गेली. त्यात आमचा सर्वांत उंच आणि सर्वांत चांगला मुलगा सरांनी पूर्ण सामनाभर बाकावर बसवून ठेवला. आठवडाभर सरावाला न सांगता गैरहजर, आणि आल्यावर स्कोअर लिहिणाऱ्या लहान मुलावर ओरडला, हे कारण. आपण चार गुणांनी हरलो. मुलाचे वडील मंडळाचे मोठे देणगीदार.

आता कार्यकारिणीत प्रश्न आलाय की दोन वर्षांत काय मिळालं? २२ तारखेला बैठक आहे. माझं मन सरांच्या बाजूने आहे, पण मनाचं सांगून बैठकीत भागत नाही. शाळेच्या कोचला नेमकं कशावर जोखायचं?

---

एरंडोलकर | रात्री १०:०५

आधी एक सांगा, मैदानावर आता मोटारसायकली लागतात का?

---

गिरणाकाठ | रात्री १०:१२

नाही. सकाळी साडेपाचला गेट उघडतं. मुलगे २६, मुली ११.

---

एरंडोलकर | रात्री १०:१४

मग माझं मत झालं. बाकीचे बोलतीलच.

---

पीटीचे_सर | ७ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

धुळे जिल्ह्यात ३१ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालोय, म्हणून हक्काने लिहितो.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. तालुका, जिल्हा, मग विभाग, मग राज्य. आपले जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागात. नाशिक शहरातली मुलं चौथी-पाचवीपासून खेळतात, त्यांच्याकडे चांगली मैदानं, वर्षभर सामने. ज्या गावात मैदान बंद होतं तिथला संघ दोन वर्षांत जिल्हा जिंकेल ही अपेक्षाच चूक आहे. आज जो सहावीत आहे त्याच्याकडे बघा. तो दहावीत जाईल तेव्हा कोचचा पहिला खरा निकाल लागेल.

पण दुसरी बाजूही मांडतो. मोठा खेळाडू आला म्हणजे चांगला शिक्षक आला, असं नसतं. आम्ही बी.पी.एड.ला शरीराची वाढ शिकतो. ११ ते १५ वयात हाडं भराभर वाढतात आणि स्नायू मागे राहतात. अशा मुलाला सिमेंटवर रोज उड्या मारायला लावल्या की गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येतं आणि दुखतं. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. त्यावर उपाय साधा आहे, उड्या कमी करायच्या आणि आराम द्यायचा. मोठ्या पातळीवर खेळलेल्या माणसाला ‘दुखलं तरी खेळ’ हेच माहीत असतं. तो ते मुलांना देतो आणि नुकसान होतं. मी स्वतः पाहिलंय.

म्हणून तीन प्रश्न. पाचवी-सहावीच्या मुलांना सर कोणत्या बॉलने खेळवतात? रिंग कोणत्या उंचीची? आणि मुलगा म्हणाला, ‘सर, गुडघा दुखतोय,’ तर काय करतात?

---

गिरणाकाठ | सकाळी ८:२०

सर, तुमचे प्रश्न कागदावर उतरवून घेतले. आज संध्याकाळी बघून येतो.

---

कळण्याची_भाकरी | सकाळी ९:०२

प्रोफेशनल म्हणजे नेमकं काय हो? आपल्याकडे क्रिकेट सोडून कुणी त्यावर जगतं का? सरळ मनाने विचारतोय, माझा पोरगा तिथेच जातो.

---

पुणेरी_खान्देशी | सकाळी ९:४५

भो, मूळ फैजपूरचा आहे आणि रात्र-रात्र जागून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली प्रोफेशनल लीग बघतो, म्हणून सांगतो.

आपल्याकडे बास्केटबॉलवर जगायचं म्हणजे खात्यात नोकरी. रेल्वे, सेनादल, पोलीस, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक. खेळाडू कोट्यातून भरती व्हायची, संघाकडून खेळायचं, खेळ संपला की टेबलावर बसायचं. निव्वळ खेळायचे पैसे देणारी लीग यूबीए नावाने २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०१७ नंतर थांबली. तिच्यात ‘पुणे पेशवाज’ नावाचा संघ होता. मग थ्री-ऑन-थ्रीची, म्हणजे तीन-तीन खेळाडूंची लीग आली, पुढे आयएनबीएल ही आणखी एक लीग आली. म्हणजे ज्या मुलांची उमेद त्या दोन-तीन वर्षांत होती त्यांना लीग मिळाली, आधीच्यांना नाही, नंतरच्यांना तुकड्या-तुकड्याने.

२०१५ मध्येच पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ५२व्या क्रमांकावर निवडला गेला. भारतात जन्मलेला पहिलाच. उंची ७ फूट २ इंच, वडील शेतकरी. त्याला घडवलं लुधियानाच्या अकादमीने. तिथे एवढा उंच मुलगा बघून ‘याला इकडे आणा’ म्हणणारे लोक होते. आपल्या रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात असा मुलगा असेल, तर तो आजही घड वाहत असेल.

---

भुसावळ_जंक्शन | सकाळी ११:३०

मी रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले. नव्वदच्या दशकात आमच्याकडे संध्याकाळी बास्केटबॉल म्हणजे रोजचं. आम्हा मुलींना शिकवायचे ते काका खात्याकडून खेळून थांबलेले होते, हिंदीत शिकवायचे. पहिला महिनाभर बॉल हातात दिलाच नाही. पाय कसे ठेवायचे, कसं थांबायचं, आणि पडायचं कसं! सिमेंटवर तळहात टेकून पडलं की मनगट जातं. म्हणून हात आवरायचे, बसल्यासारखं खाली जायचं आणि पाठीवर लोळण घ्यायची. आयांनी घरी तक्रार केली की पोरींना लोळायला शिकवतात.

पुढे मी कुठल्या मोठ्या स्पर्धेत नाव काढलं नाही. पण गेल्या पावसाळ्यात बँकेच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरले तेव्हा अंग आपोआप तसंच गेलं. वय ४६, एक ओरखडा नाही. तीस वर्षांपूर्वीचे काका डोळ्यांसमोर उभे राहिले आणि मी तिथे पायरीवर बसून रडले.

बैठकीत हे कोणत्या रकान्यात लिहाल?

११ मुली येतात हे वाचून फार बरं वाटलं. त्यांना बॉल कोणता देतात? मुलींचा बॉल साइज सहाचा असतो, मुलांचा सात. आम्हाला कायम सातचाच मिळाला.

---

सातपुडा | दुपारी १:१०

बॉल वेगळा असतो हे आजच कळलं ताई.

---

वकीलसाहेब | दुपारी ३:२५

सगळे भारावून लिहितायत, म्हणून मी विरुद्ध बाजू घेतो. मनापासून घेतोय.

हा शालेय संघ आहे. १७ वर्षांखालच्या मुलाच्या दहावीच्या क्रीडागुणांचा प्रश्न असतो. एका सामन्यातल्या जय-पराजयावर पुढची पातळी ठरते, पातळीवर गुण ठरतात. त्या मुलाला बसवलं म्हणजे त्याला एकट्याला शिक्षा झाली नाही, मैदानावर झटणाऱ्या इतर मुलांनाही झाली. त्यांचा काय गुन्हा? शिस्त लावायची तर पळायला लावा, मैदान झाडायला लावा. सामन्याच्या दिवशी संघाचं नुकसान करणं हा अहंकार आहे असं माझं मत.

आणि आपल्याकडे हा कापूस वेचणीचा हंगाम आहे. मजूर मिळत नाही, पोरं शेतात लागतात. ‘सरावाला आला नाही तर बाकावर’ हा नियम शेतकऱ्याच्या मुलालाच आधी कापतो. याचा विचार सरांनी केलाय का?

---

मावशी_चोपड्याची | दुपारी ४:००

वकीलसाहेबांचा कापसाचा मुद्दा खरा आहे. शिवाय शेतीपंपाची लाइट कधी रात्रपाळीला असते. आमचा नातू रात्री दोनला मोटार चालू करायला जातो. तो साडेपाचला कसा पळणार?

---

गिरणाकाठ | रात्री १०:४०

आत्ता मैदानावरून आलो. तिथे बरीच उत्तरं मिळाली, म्हणून सविस्तर लिहितो.

कापसाचं आधी. सरांकडे एक जाड रजिस्टर आहे. त्यात हजेरीच्या रकान्यात ‘ह’ आणि ‘गै’ सोबत ‘शे’ असंही लिहिलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाले, ‘शे’ म्हणजे शेत. आदल्या दिवशी सांगून शेतात गेला तर तो हजर. त्याला संध्याकाळी सहानंतर अर्धा तास वेगळा देतात. सर स्वतःच केळीवाले आहेत, त्यांना लाइटचं वेळापत्रक तोंडपाठ. त्या उंच मुलाच्या नावापुढे मात्र सहा दिवस ‘गै’ आहे. तो मामाकडे लग्नाला गेला होता आणि निरोप नव्हता.

आता पीटीच्या सरांचे प्रश्न. तुमची शंका अर्धी खरी निघाली. लहान मुलंसुद्धा १० फुटी रिंगवर आणि सातच्या बॉलने खेळतात, कारण दुसरं काही नाहीच. आमच्या मंडळाने कधी विचारलंही नाही. गुडघ्याचं मात्र वेगळं आहे. सातवीतल्या एका मुलाने तक्रार केल्यावर सरांनी त्याच्या उड्या महिनाभर बंद केल्या. तो बसून एका हाताने भिंतीवर बॉल मारतो आणि रोजचे फ्री थ्रो मोजतो. सर एवढंच म्हणाले, ‘माझ्या वेळी मला कुणी थांबवलं नाही.’

आणि एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली ती सांगतो. सिमेंटवर गेरूने पावलं काढलेली आहेत, उजवं, डावं, आणि डाव्याच्या पुढे एक बाण. हा ले-अप, म्हणजे पळत येऊन रिंगजवळून उडी मारत बॉल टाकायचा. उजव्या हाताने बास्केट करणाऱ्याने उजवा पाय टाकायचा, मग डावा, डाव्यावरून उडायचं आणि उजवा गुडघा वर खेचायचा. एक सहावीतली मुलगी पुन्हा पुन्हा उलट्या पायावरून उडत होती. बॉल बोर्डाच्या खालून जायचा. सरांनी बॉल काढून घेतला. तिला पावलांवर नुसतं चालवलं. मग तोंडाने ‘एक... दोन... वर’ म्हणत. मग डोळे मिटून. मग चपळ चालीत. वीस मिनिटं एकाच मुलीपाशी! शेवटी बॉल दिला. ती उडाली, बॉल बोर्डावर लागला, रिंगवर फिरला आणि बाहेर पडला. बास्केट झालीच नाही. पण सरांनी टाळी वाजवली, ‘पाय बरोबर पडला!’ आणि ती पोरगी इतकी हसली की काय सांगू.

मी विचारलं, ‘सर, तुम्ही एकदा करून का दाखवत नाही?’ त्यांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. उडायचा पाय तोच.

---

कळण्याची_भाकरी | रात्री ११:०५

ती मुलगी माझ्या भावाची आहे. आज घरी आल्यापासून ओट्यापासून देवघरापर्यंत ‘एक, दोन, वर’ चाललंय.

---

पीटीचे_सर | ८ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

हे वाचून मी माझं कालचं वाक्य बदलतो. मुलीला पायावर टाळी दिली, बास्केटवर नाही. हे बी.पी.एड.ला शिकून येत नाही. मला बारा-पंधरा वर्षं लागली.

पण बॉल आणि रिंगचं मी सोडणार नाही. मिनी बास्केटबॉलची, म्हणजे लहान मुलांच्या खेळाची रिंग २.६० मीटरवर असते, मोठी ३.०५ वर. बॉल साइज पाचचा. लहान हातात मोठा बॉल दिला की मूल खांद्यावरून ढकलायला लागतं, ती खोड मोठेपणी सुटत नाही. भिंतीला लोखंडी अँगल ठोकून दोन खालच्या रिंगा लावता येतात. गावातला कोणताही वेल्डर करून देईल. हा दोष सरांचा नाही, मंडळाचा आहे.

---

पुणेरी_खान्देशी | सकाळी १०:१०

गिरणाकाठ, बैठकीत उदाहरणं हवी असतील तर बाहेरची देतो.

ब्रँडन रॉय. एनबीएत २००७ चा सर्वोत्तम नवोदित, गुडघ्यांनी घात केला. २०१६ मध्ये सिएटलच्या नेथन हेल हायस्कूलचा कोच झाला. आदल्या मोसमात त्या शाळेने जेमतेम तीन सामने जिंकले होते. याच्या पहिल्याच मोसमात २९ पैकी २९!

पेनी हार्डवे. हाही एनबीएचा मोठा स्टार. आजारी मित्राच्या मदतीला म्हणून आपल्या जुन्या वस्तीतल्या शाळेची लहान मुलं शिकवायला लागला, पुढे मेम्फिसच्या ईस्ट हायस्कूलला ओळीने तीन राज्य विजेतेपदं, मग विद्यापीठाचा कोच.

---

वकीलसाहेब | सकाळी १०:५०

ही उदाहरणं बैठकीत देऊ नका, उलटतील. मी आत्ताच वाचलं, रॉयच्या संघात त्याच वर्षी देशातला अव्वल खेळाडू दुसरीकडून येऊन दाखल झाला होता. ‘तिथे एका वर्षात २९ विजय, आणि आपल्याकडे दोन वर्षांत काय?’ असंच कुणीतरी विचारेल.

---

पुणेरी_खान्देशी | सकाळी ११:२०

मान्य, मायकेल पोर्टर ज्युनियर होता त्या संघात. तुमचा मुद्दा बरोबर आहे.

मग जॉन वूडन घ्या. हे उदाहरण तुमच्या सरांच्या जास्त जवळ आहे. १९३० च्या दशकात हा माणूस हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा, शाळेच्या संघाचा कोच होता, आणि सुट्टीच्या दिवशी पैसे घेऊन प्रोफेशनल सामनेही खेळायचा. कोच म्हणून पहिल्या वर्षी त्याचा संघ जिंकला त्यापेक्षा हरला जास्त. शाळेने ठेवला. पुढे यूसीएलए विद्यापीठाला त्याने १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. त्याचा मोसमातला पहिला धडा ठरलेला असायचा, पायमोजे कसे घालायचे. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. मोठमोठ्या खेळाडूंना तो हे बसून शिकवायचा.

भुसावळच्या ताईंच्या काकांनी पडायला शिकवलं, तुमच्या सरांनी गेरूची पावलं काढली. तेच आहे हे.

---

तापीकाठ | दुपारी १२:०५

अवांतर होईल, पण राहवत नाही. हा खेळच मुळी एका पीटीच्या मास्तराने शोधलाय. डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफिल्ड, जेम्स नेस्मिथ. बाहेर कडाक्याची थंडी, वर्गात १८ दांडगी मुलं, बंद हॉलमध्ये काय खेळवायचं म्हणून गॅलरीला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि नऊ-नऊचे संघ केले. पहिला सामना १-० ने सुटला. एकच बास्केट!

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा मुलांना नेमका हाच प्रश्न पडतो, फक्त उलटा. नेस्मिथ जळगावला जन्मला असता तर टोपली केळीची असती.

आणि खरी गंमत पुढे आहे. नेस्मिथ नंतर कॅन्सस विद्यापीठाचा कोच झाला. एकूण ५५ सामने जिंकला, ६० हरला. त्या विद्यापीठाच्या सगळ्या कोचमध्ये हरण्याचा आकडा जास्त असलेला तो एकटाच, ज्याने खेळ जन्माला घातला तो! पण त्याच्या हाताखाली फॉग ॲलन शिकला, आणि त्याला लोक पुढे बास्केटबॉलच्या प्रशिक्षणाचा जनक म्हणायला लागले.

बैठकीत मी असतो तर हे ५५-६० फळ्यावर लिहिलं असतं.

---

एरंडोलकर | दुपारी १२:२०

+१. फळ्यावर लिहाच.

---

सातपुडा | दुपारी १२:४५

केळीच्या टोपलीला माझं अनुमोदन. वर घडही ठेवू, बास्केट केली की एक केळं.

---

गुडघा_दुखतो | ९ नोव्हेंबर, रात्री १:१५

खूप दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. मी नंदुरबारचा. माझा खेळ वेगळा, व्हॉलीबॉल. एका खात्याकडून आठ वर्षं खेळलो. ३१ला सोडलं.

खेळ सुटल्यावर मीही गावातल्या शाळेत शिकवायला गेलो होतो आणि वर्षभरात पळालो. कारण सांगतो. मला जे जमायचं ते मला सांगता येत नव्हतं. पोरगं विचारायचं, ‘सर, हात कधी मारायचा?’ आणि मला उत्तरच सुचायचं नाही, कारण माझा हात आपोआप जायचा. मग मी चिडायचो. पोरांना वाटायचं सर घमेंडी आहेत. मी घमेंडी नव्हतो, मला शब्द सापडत नव्हते.

गिरणाकाठ यांनी लिहिलेली पावलं वाचली तेव्हा लख्ख कळलं. तुमच्या सरांचा गुडघा दोनदा गेलाय. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर माणूस लहान मुलासारखा चालायला शिकतो. टाच आधी, गुडघा किती वाकवायचा, वजन कधी टाकायचं, हे सगळं फिजिओ एकेक करून सांगतो. महिनोन्‌महिने. जे अंग आपोआप करत होतं ते त्यांना दोन वेळा शब्दांतून शिकावं लागलं. म्हणून त्यांच्याकडे शब्द आहेत. ते उडून दाखवू शकत नाहीत हीच त्या पोरांची कमाई आहे.

माझा गुडघा नुसता झिजला, मोडला नाही. म्हणून मला ते आलं नाही, असं आता वाटतं.

---

मावशी_चोपड्याची | सकाळी ७:३०

बाळा, रात्री एकला लिहिलंस. एवढी वर्षं मनात होतं का? पुन्हा एकदा मैदानावर जाऊन बघ.

---

पीटीचे_सर | सकाळी ७:५०

मावशींशी सहमत. आणि तुमच्या तालुक्यात कुणाला ओळखतो का ते मी बघतो. व्यक्तिगत निरोप टाकतोय.

---

धडगावचा_गुरुजी | सकाळी ९:१५

मी आश्रमशाळेवर आहे. आमच्या पोरांचा दम बघाल तर थक्क व्हाल, डोंगर पळत चढतात. पण बॉल हातात आला की पाच पावलं घेऊन पळतात, कारण सांगणारं कुणी नाही. हे सर नाताळच्या सुट्टीत दोन दिवस येतील का? राहण्याजेवणाचं आम्ही बघू. येण्याजाण्याचा खर्च मी स्वतः देईन.

---

अहिराणी_बोल | सकाळी ९:४०

दादा, आसा माणूस गावले भेटस नही. त्याले जाऊ देऊ नका.

---

वकीलसाहेब | सकाळी ११:००

‘शे’ च्या रकान्याने माझा एक आक्षेप संपला. दुसरा शिल्लक आहे. नियम सरांच्या मनात आहे, कागदावर नाही. वर्षाच्या सुरुवातीला पालकांच्या सहीने नियम लिहून घेतला असता तर आज देणगीदारालाही बोलायला जागा राहिली नसती, आणि सरही एकटे पडले नसते. मसुदा मी करून देतो, फी नको. मुलाला बसवलं ते अजूनही मला पटलेलं नाही. पण पुढच्या वर्षी कुणाला बसवायची वेळ आली, तर ते मंडळाच्या नियमाने बसेल.

---

भुसावळ_जंक्शन | सकाळी ११:३०

ज्या लहान मुलावर तो ओरडला, त्याचं कुणीच विचारलं नाही. तो स्कोअर लिहायला येतो का अजून?

---

गिरणाकाठ | दुपारी २:००

येतो. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, तो बुटका आहे आणि खेळात मागे आहे, पण स्कोअरशीट त्याच्याइतकी स्वच्छ आमच्याकडे कुणी लिहीत नाही. सामन्याच्या दिवशी बाकावर तो उंच मुलगा नेमका याच्याच शेजारी बसला होता.

बैठक झाल्यावर लिहितो.

---

गिरणाकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री ११:१०

काल बैठक झाली. अडीच तास.

तापीकाठ, ५५-६० खरंच फळ्यावर लिहिलं. आधी कुणाला कळेना काय ते. सांगितल्यावर आमचे एक ज्येष्ठ सदस्य, जे वर्षभर विरोधात होते, म्हणाले, ‘पहिल्या सामन्यात एकच बास्केट झाली होती, तर आपल्या ४१-६ मध्ये निदान सहा गुण आहेत.’ सगळे हसले आणि हवा जरा मोकळी झाली.

नंदुरबारच्या दादांचं लिखाण नाव न घेता वाचून दाखवलं. वाचताना माझाच आवाज भरून आला. सर बैठकीला नव्हते, पण मी त्यांना ते नंतर मोबाइलवर दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘फिजिओ मला जे म्हणायचे तेच मी मुलांना म्हणतो. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.’

ठरलं ते असं. सरांना तीन वर्षांचं लेखी पत्र. मानधन १५ हजार. वकीलसाहेबांचा मसुदा जूनपासून लागू, त्यात शेतीच्या कामाची सवलत लिहून. दोन खालच्या रिंगा भिंतीवर. वेल्डरने काल मापं घेतली, २.६० मीटर मी स्वतः खडूने आखून आलो. गुरुजी, सर २६ आणि २७ डिसेंबरला धडगावला येतायत. सोबत तो स्कोअर लिहिणारा मुलगा आणि तीन मोठ्या मुली.

देणगीदार भाऊंनी विरोधात मत दिलं आणि पुढच्या वर्षीची देणगी थांबवली. ते बदललेले नाहीत. मुलगा मात्र गेल्या सोमवारपासून येतोय. साडेपाचला, वडिलांना न सांगता. सरांनी त्याला अजून संघात घेतलेलं नाही. सध्या तो सहावीच्या मुलांना रिबाऊंड, म्हणजे रिंगवरून परत आलेला बॉल पकडून देतो. परवा बघितलं, त्या लहान स्कोअरवाल्याला तो ले-अप शिकवत होता. ‘एक, दोन, वर.’

देणगीचा खड्डा ४० हजारांचा आहे, तो कसा भरायचा ते आता बघायचं.

---

एरंडोलकर | रात्री ११:२५

थंडी पडलीय, वांगी आली आहेत. भरीत-पुरीचा कार्यक्रम ठेवा, शेतात. माणशी २०० घ्या. मी बामणोदची वांगी आणतो, तुराट्यांवर भाजतो. दीडशे माणसं मी आणि माझे मित्रच आणू.

---

कळण्याची_भाकरी | रात्री ११:३१

मिरची-लसूण ठेचायला आमच्या घरच्या बाया येतील. भावाची पोरगी म्हणते वाढायला मी.

---

भुसावळ_जंक्शन | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

भरीत कुठल्या रविवारी ते कळवा. मी सकाळच्या गाडीने येते. साइज सहाचे चार बॉल घेतलेत, मुलींसाठी. हवा भरायचा पंप तुमच्याकडे आहे ना? सुईही बघून ठेवा, ती नेहमी हरवते.

---

गिरणाकाठ | सकाळी ६:२०

पंप आहे. सुई सरांच्या रजिस्टरला दोऱ्याने बांधलेली असते. या ताई.